ज्ञानूआबांनी ओझं कुठं टेकवलं

माळगव्हाणच्या माणसांनी ज्ञानूआबांच्या डोक्याकडे पुन्हा बघायला सुरुवात केली ती पंचाण्णव सालच्या मे महिन्यात. त्याआधीची चाळीस वर्षं त्यांच्या डोक्यावर टोपी आहे की टॉवेल, याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

गाव निरवांगीच्या पलीकडे, कालव्याचं पाणी जिथं पोचता पोचता थकतं तिथं. गावामागे जळका डोंगर. तो फार उंच नाही, पण सपाट मुलखात एकटाच उभा असल्यामुळे उंच वाटतो. काळा, पायऱ्यापायऱ्यांचा, पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर अंगावर गवताचं पातंही न ठेवणारा. डोंगराच्या अलीकडे माळगव्हाण, पलीकडे पाथरवाडी. दोन्ही गावांची शीव डोंगरावरून जाते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. नेमकी कुठून जाते, ते ठाऊक नव्हतं आणि इतकी वर्षं कुणाला हवंही नव्हतं. मग रस्त्यांची कामं निघाली, खडीला डोंगर लागायला लागला, आणि क्रशर कुणाच्या हद्दीत बसणार यावरून दोन्ही गावांनी एकमेकांचे निशाणीचे दगड उपटून टाकले.

मोजणीदार दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्याने जुना कागद वाचून दाखवला. कागदात लिहिलं होतं, माथ्याखालचा काळा धोंडा, वतनदार महाराने दाखविल्याप्रमाणे. डोंगरावर काळ्याशिवाय दुसरा धोंडाच नाही. मोजणीदार म्हणाला, दाखवणारा आणा, दोन्ही गावांनी त्याचं मान्य करा, मी साखळी लावतो. असं म्हणून तो तालुक्याला निघून गेला.

दाखवणारा एकच उरला होता.

ज्ञानूआबांचे वडील सोनबा. शिवेचा तंटा उभा राहिला की गाव सोनबाला बोलावी. तो अनवाणी निघायचा, डोक्यावर रानातल्या मातीदगडांचं ओझं घेऊन. दोन्ही गावं मागून चालत. सोनबा बोलत नसे, बोट दाखवत नसे. ज्या जागी तो ओझं उतरवून टेकेल ती शीव. ज्याला वेशीच्या आत घेत नव्हते, त्याच्या पायांवर गावाची हद्द ठरायची, आणि ठरवून झाली की तो पुन्हा वेशीबाहेर जाऊन बसायचा.

एक्कावन्न साली सोनबाने असंच शेवटचं ओझं उतरवलं. अठरा वर्षांचा ज्ञानू तेव्हा बापाच्या मागे होता. आदल्या दिवशी सोनबाने त्याला एकट्याला वर नेऊन काळा धोंडा दाखवला होता. हातात दगड देऊन म्हणाला होता, मार. ज्ञानूने मारला, तर धोंडा पितळी भांड्यासारखा वाजला. डोंगरावरचा दुसरा कुठलाही धोंडा तसा वाजत नाही. एवढीच खूण, आणि ती बापाने मुलाला द्यायची, बाकी कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी सोनबा बरोबर त्याच धोंड्याशी टेकला; त्या दिवशी मागून आलेली माणसं पुढे मरून गेली आणि बाकीच्या काळ्या धोंड्यांत तो हरवला. माळगव्हाणला वाटत होतं शीव आणखी पलीकडे आहे. आपल्याच माणसाने आपल्याला बुडवलं, असं गावाने धरलं. तिसऱ्या दिवशी सोनबाची वैरणीची गंज जळाली आणि सुगीपर्यंत त्याच्या घरात गावातून भाकरीचा तुकडा आला नाही.

छप्पन साली सोनबाने दीक्षा घेतली. परत आला तसा त्याने गावकीची घुंगरकाठी चुलीत घातली आणि तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवलं. मुलाला म्हणाला, या गावाचं ओझं आता डोक्यावर घ्यायचं न्हाय. तूबी न्हाय आन तुझ्या मागचं कुणीबी न्हाय. ज्ञानूने तो शब्द सांभाळला. पुढे तो माळेगावला साखर कारखान्यात बॉयलरवर लागला. तेहतीस हंगाम त्याने भट्टीत चिपाडं ढकलली आणि भट्टीतून राखेचे खंगर ओढून काढले. मुलगा संघपाल बारामतीत नोकरीला लागला. निवृत्त झाल्यावर आबा आणि अक्काबाई माळगव्हाणला परतले ते पाऊण एकराच्या तुकड्यासाठी. त्या तुकड्याकडे जायची वाट गेणूच्या रानातून होती.

मोजणीदार गेल्यावर गाव आबांच्या अंगणात तीनदा आलं. पहिल्यांदा चहाचं आमंत्रण घेऊन, दुसऱ्यांदा बापाच्या आठवणी घेऊन, तिसऱ्यांदा नुसतंच, न बसता. पलीकडून पाथरवाडीही एकदा येऊन गेली. आबांनी सगळ्यांना एकच सांगितलं. ते काम आमी सोडलं.

अशात साक्षी आली. संघपालची मुलगी, पुण्याच्या कॉलेजात भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. तिला प्रकल्प करायचा होता. जेवताना तिने विचारलं, आजोबा, जळक्या डोंगरावर कुठं भिंतीसारखा सरळ निघालेला काळा दगड आहे का? आजूबाजूच्या दगडापेक्षा वेगळा, घट्ट? तिच्या सरांना जुन्या नकाशावरून तशी शंका होती. खालची आग ज्या भेगेतून वर आली, ती भेगच दगड होऊन उभी राहिलेली असते, असं ती म्हणाली.

आबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला. ताट संपवून हात धुतला आणि म्हणाले, उद्या सकाळी निघू.

अक्काबाईंनी भांडी आवरताना एकदाच तोंड उघडलं. "डोंगरावर निघालाय, का दोन्ही गावांच्या तोंडात?"

"पोरीला दगड दावायचाय. माझी नात हाय ती, गाव न्हाय."

साक्षीला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. तिच्या डोक्यावर ते कशाला, असं त्यांना वाटलं. ती त्यांची पहिली चूक.

सहाला दोघं निघाली. साक्षीच्या पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी, होकायंत्र, वही. आबांच्या हातात ओलं पोतं गुंडाळलेला पाण्याचा कॅन. ती पायथ्याशी पोचेपर्यंत मागे गेणू आणि त्याचा पुतण्या अविराज आले होते. गेणू आबांच्याच वयाचा. लहानपणी दोघं याच डोंगरावर गुरं राखायचे. गेणूजवळ तांब्या असायचा आणि ज्ञानूला तहान लागली की गेणू वरून पाणी ओतायचा, ज्ञानू ओंजळ धरायचा. अविराज पंचविशीचा, डोक्यावर क्रिकेटची टोपी, खांद्यावर फक्कीची पिशवी. शाळेच्या मैदानावर रेघा मारायला आणलेली तीच पांढरी फक्की. दूध घालायला आलेल्या कुणीतरी बातमी डोंगरापलीकडे नेली होती, कारण पहिल्या चढावर पाथरवाडीचा सावळाराम छत्री उघडून बसलेलाच होता.

"आबा, लवकर निघालात," अविराज म्हणाला. "नातीला डोंगर दाखवताय जणू."

आबा चालत राहिले.

"दाखवा की. आमीबी बघतो. डोंगर काय एकट्याचा हाय?"

साक्षी वळून हसली. तिला वाटलं, गावची माणसं उत्सुकतेने सोबत आली आहेत. तिने त्यांना नमस्कारसुद्धा केला. तिघांनीही तो घेतला आणि कुणी परत केला नाही.

आठपर्यंत दगड तापले. डोंगराच्या दुसऱ्या पायरीवर एक हिवराचं झाड आहे, त्याच्या विरळ सावलीत त्यांनी पाणी पिऊन कॅन तिथंच ठेवला. वर जाताना साक्षी जागोजागी थांबे, हातोडीने दगडाचा तुकडा काढी, त्यावर आकडा घाली आणि पिशवीत टाकी. एक तुकडा तिने आबांना दाखवला. त्यात बुडबुड्यांची भोकं होती.

"हा वितळलेला होता. हे वायूचे बुडबुडे."

आबांनी तुकडा उलटापालटा करून बघितला. त्यांना सांगायची गरज नव्हती. तेहतीस वर्षं त्यांनी भट्टीच्या तोंडातून हेच ओढून काढलं होतं. "खंगर हाय ह्यो," ते म्हणाले. "जाळ लई झाला की असाच धरतो."

साक्षीने वहीत काहीतरी लिहिलं. तिच्या सरांनी तीन तासांत शिकवलेलं आजोबांना एका शब्दात येत होतं, याचा तिला आनंद झाला होता. तो तिच्या चेहऱ्यावर होता, आणि आबांना क्षणभर मागच्या तिघांचा विसर पडला.

पुढच्या चढाला आबांच्या चपलेचा अंगठा तुटला. टायरची जुनी चप्पल. त्यांनी दोन्ही चपला काढून झुडपात ठेवल्या. थोडं पुढे गेल्यावर पिशवीचा पट्टा साक्षीच्या खांद्याला रुतायला लागला. त्यांनी तिच्याकडून पिशवी घेतली, टॉवेलची चुंबळ केली आणि पिशवी डोक्यावर ठेवली. ओझं दिसलं की डोक्यावर घ्यायचं, यात विचार करण्यासारखं काही नसतं.

मागची बडबड एकदम थांबली. ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शंभरेक पावलं गेल्यावर टाचेत काटा भरला. हिवराचा, लांब, आत मोडलेला. आबांनी ओझं खाली ठेवलं आणि ते बसले. साक्षीने ओढणीची पिन काढून काटा उकरला. रक्ताचा ठिपका आला, तो तिने मातीने दाबला. आबा उठले, ओझं उचललं आणि वीस पावलं गेले असतील नसतील, मागून अविराजचा आवाज आला.

"हितंच."

आबांनी मान वळवली. ते जिथं बसले होते त्या जागेभोवती अविराज, ती कुठल्या बाजूला पडते ते न बघताच, फक्कीचं गोल कडं ओढत होता. सावळाराम छत्री मिटून हसत होता. हसण्यासारखंच होतं. ती जागा डोंगराच्या निम्म्यावर होती, माळगव्हाणच्या बाजूला. शीव तिथं धरली तर तिच्या वरचा सगळा डोंगर पाथरवाडीचा. गेणूचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता.

अनवाणी पाय. डोक्यावर मातीदगडांचं ओझं. मागून दोन्ही गावांची माणसं. आबांना आता सगळं दिसलं, जणू दुसऱ्याच कुणाला डोंगर चढताना ते लांबून बघत होते. सोनबाच चालला होता.

साक्षीने विचारलं, ते काय करताहेत? आबा पुढे चालत राहिले आणि चालता चालता, मागे न बघता, त्यांनी तिला सांगितलं. एक्कावन्न सालचं, छप्पन सालचं, मोजणीदाराचं. थोडक्यात सांगितलं. गंज जळाल्याचं एका वाक्यात.

तिने वळून खालच्या पांढऱ्या कड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंत. मी दुसरा डोंगर घेतला असता."

"दुसऱ्या डोंगरावर तुला कुणी नेलं असतं?"

थोड्या वेळाने ती रागानेच म्हणाली की आपण परत जाऊ, मला नको तो दगड. आबांनी मान हलवली, ओझ्यासकट जेवढी हलते तेवढी. परत गेलं तरी खालचं पांढरं कडं राहणारच होतं. बापाच्या पायांनी कधी खोटं दाखवलं नव्हतं, आणि आता त्याच्या पोराच्या नावावर एक खोटी शीव काढून झाली होती. ती खोटी म्हणावं तर खरी कुठली, हा पुढचा प्रश्न तोंड वासून उभा. गप्प बसावं तर सोनबाच्या हाडांवर खोटं. या दोन्हीतून जायला वाट नव्हती, वर जायची तेवढी होती.

काळा धोंडा होता तिथंच होता. माथ्याच्या थोडा खाली, गुडघ्याएवढा, बाकीच्या हजार धोंड्यांसारखाच. फक्त नीट बघितलं तर त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीत एक सरळ काळी पट्टी गेलेली दिसायची, दोन हात रुंद, दोरी लावून आखल्यासारखी. आबा पट्टीशी येऊन थांबले. साक्षीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली.

तिने हातोडी मारली. धोंडा वाजला.

चव्वेचाळीस वर्षांनी आबांनी तो आवाज ऐकला. स्वच्छ, पितळी, उन्हात लांब जाणारा. साक्षीने पुन्हा मारली, मग बाजूच्या दगडावर मारली. तो नुसता थडकला. ती खाली वाकून पट्टीवर हात फिरवायला लागली. होकायंत्र ठेवलं, दिशा टिपली, टेपने रुंदी मोजली. काठाचा तुकडा, मधला तुकडा, पलीकडच्या काठाचा तुकडा. एकेक तुकडा ती टाचा उंचावून आबांच्या डोक्यावरच्या पिशवीत टाकत होती. दर तुकड्याला आबांची मान थोडी खाली दबत होती.

मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने दोन्ही हात वर केले. "द्या आजोबा, मी धरते."

ते एकदम मागे सरकले, इतक्या झटक्याने की ती दचकली. "हात लावू नको," ते म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते.

ओझं इथं उतरलं असतं, कुणाच्याही हातांनी, तर तो शब्द झाला असता. बसलो तरी शब्द. धोंड्याला टेकलो तरी शब्द. आबा पाय फाकवून उभे राहिले.

गेणू एव्हाना जवळ आला होता. धोंड्याचा आवाज त्यानेही ऐकला होता. गुरं राखताना त्याने या डोंगरावरचा जवळजवळ प्रत्येक दगड कधी ना कधी भिरकावला होता आणि असा आवाज त्याने ऐकलेला नव्हता. तो पट्टीकडे बघत होता, मग आबांच्या पायांकडे.

"ह्योच का रं, ज्ञानू?"

सावळाराम लगेच पुढे झाला. शीव खाली ठरली, चुना पडलाय, आता वर काय बघायचं, असं तो म्हणाला. बसला तिथं शीव, ही रीत काय आमी काढली? अविराजने त्याला गप्प राहायला सांगितलं, सावळारामने अविराजचं वय काढलं, आणि दोघांची जुंपायला लागली तेव्हा आबा बोलले. ओझ्याखालून, मान सरळ ठेवून, फारसा आवाज न चढवता.

"खाली माझ्या पायातला काटा काढला. तेवढ्यासाठी बसलो. तितं दुसरं कायबी न्हाय."

सावळारामचं हसू गेलं. त्याने छत्री बगलेत मारली. "आसं व्हय. गावानं पाजलं दिसतंय म्हाताऱ्याला."

"मग हितं टेक," गेणू म्हणाला.

आबा उभेच.

"टेक रं. हितं ह्या पोरीला काम हाय, तुला ऊन लागतंय. एकदा टेक, मग काय बोलू नको. तुझी वाट, तुझा बांध, समदं मी बघतो. पोरांस्नी सांगून ठेवतो."

ऊन डोक्यावर आलं होतं. पिशवीतून दगडांची धग चुंबळीत उतरत होती. भट्टीपुढे उभं राहायची आबांना सवय होती, पण भट्टीपुढे पाळी संपली की बाहेर येता यायचं. त्यांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. गेणूने ते बघितलं. तो शेजारच्या दगडाच्या सावलीला निवांत बसला आणि तंबाखू मळायला लागला. त्याला घाई नव्हती. म्हातारा किती वेळ उभा राहील, एवढंच बघायचं होतं. अविराजने फक्कीच्या पिशवीचं तोंड उघडून ठेवलं.

साक्षी वाकून लिहीत होती. तिने एकही माप सोडलं नाही. आबांना ते दिसत होतं. तिने घाईघाईत उरकावं असंही त्यांना वाटत होतं, आणि तिने उरकलं असतं तर ते त्यांना आवडलं नसतं.

"सोनबाचं काय झालं ते ठावं हाय ना तुला?" गेणूने तंबाखू तोंडात टाकत विचारलं.

"ठावं हाय. काडी तुझ्या बानं लावली. तू मागं उभा होतास. हातात तांब्या होता तुझ्या."

गेणूचा हात थांबला. इतकी वर्षं दोघांनीही ते तोंडावर आणलं नव्हतं. अविराज चुलत्याकडे बघायला लागला. गेणू सावलीतून उठला.

"मंग सांगत का न्हाईस? एवढं समदं ध्यानात हाय तर शीवबी असंल."

"हाय की. पर दावायचं काम आमी सोडलं, गेणू. छप्पन साली. तवाच सांगितलंय."

साक्षीने वही मिटली. "झालं, आजोबा," ती म्हणाली.

माथा दोन मिनिटांवर होता. आबा वळून तिकडे चालायला लागले, कारण साक्षीला वरून बघायचं होतं आणि तेवढ्यासाठी ती पुण्याहून आली होती. वर वारा होता, भाजून काढणारा. दक्षिणेला नीरेच्या पलीकडे शंभू महादेवाच्या रांगा पसरल्या होत्या, सगळ्या सपाट माथ्यांच्या, सगळ्या पायऱ्यापायऱ्यांच्या. साक्षीने हात करून दाखवलं. एकेक पायरी म्हणजे आगीचा एकेक लोंढा. चित्रातल्यासारखा शंकूचा डोंगर आपल्याकडे नाही. इथं जमीनच फाटली आणि आग काहिलीतल्या काकवीसारखी पसरत गेली, थंड झाली, तिच्यावर पुन्हा दुसरी. आता बघितली ती भेग याच डोंगरात थांबत नाही. खालून दोन्ही गावांच्या तळातून ती सरळ पुढे जाते.

"म्हंजी आपण भट्टीवरच राहतोय," आबा म्हणाले.

"विझलेल्या."

खाली माळगव्हाणची कौलं दिसत होती, पलीकडे पाथरवाडीचे पत्रे चकाकत होते. आबांनी दोन्हीकडे बघितलं. त्याच भेगेतून आगीने एकदा पुन्हा वर यायला काय हरकत होती, असा विचार त्यांच्या मनात आला. दोन्हीकडे सारखाच आला असता जाळ, शीव न बघता. तो विचार त्यांना वाईट वाटला नाही.

ते उतरायला लागले. अविराज फक्कीची पिशवी घेऊन त्यांच्या मागेच होता, चार हात अंतर ठेवून. म्हातारा घसरेल, टेकेल, कुठंतरी टेकेलच, असं त्याला वाटत होतं. पांढऱ्या कड्याशी आल्यावर आबा त्याच्या मधूनच चालत गेले, बाजूने नाही. झुडपातल्या चपला साक्षीने उचलून घेतल्या. सावळाराम त्यांच्या आधीच खाली गेला होता, पाथरवाडीची वाट सोडून, या बाजूने. का, ते हिवराखाली कळलं. कॅन आडवा पडला होता, झाकण काढलेलं, आणि खालची माती अजून ओली होती.

साक्षी तिथं रडली. थोडंसंच. आबा तिच्याजवळ थांबले, ओझ्यासकट, आणि तिचं रडणं होईपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "चल. घरी माठ हाय."

दीडच्या सुमाराला ते गावात शिरले. गल्लीतल्या ओट्यांवर माणसं होती. सगळी आबांच्या डोक्याकडे बघत होती. अंगणाच्या तोंडापर्यंत अविराज आला. अक्काबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग अविराजच्या पिशवीकडे, आणि त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

"ये रं बाबा," त्या अविराजला म्हणाल्या. "हितं उतरवत्यात बघ. मार रेघ चुलीभवती. आमच्या तव्यापास्नं तुमची शीव सुरू व्हऊ द्या."

अविराज तिथूनच माघारी फिरला.

अक्काबाईंनी दोन्ही हातांनी पिशवी धरली आणि ती आबांच्या डोक्यावरून उतरवून उंबऱ्याच्या आत ठेवली. दहा-बारा किलो सहज असेल. आबांना खाली बसता येईना. त्यांचे गुडघे वळायचं विसरले होते. अक्काबाईंनी त्यांना भिंतीला धरून हळूहळू बसवलं आणि माठातलं पाणी दिलं, तेही एकदम नाही, घोट घोट.

दिवस कलायच्या आधीच निरोप आला. गेणूच्या रानातून जाणाऱ्या वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्यांच्या फेसाट्या पडल्या होत्या, एकीवर एक, कमरेएवढ्या. निरोप आणणाऱ्याने तो उभ्या उभ्या सांगितला. आबांनी नुसतं हूं केलं. पाऊण एकराकडे आता ओढ्यातून वळसा घालून जावं लागणार होतं, आणि पावसाळ्यात तसंही जाता येणार नव्हतं.

साक्षी ओसरीवर दगड मांडून बसली होती. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा, कुठं सापडला ती जागा. काळ्या पट्टीतले तीन तुकडे तिने शेवटी ठेवले. चिठ्ठीवर तिचा पेन अडला होता.

"आजोबा, जागा लिहावी लागते," ती म्हणाली. "अंतरं, दिशा, सगळं. नकाशात ती रेघ येणार. प्रकल्प छापून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवतात. कुणीही मागितला तर देतात." थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात तर हे तुकडे मी सोडून देते."

आबा तळपायाला हळद लावत होते. त्यांनी बोट पुसलं आणि एक तुकडा उचलला. दुसऱ्या तुकड्यावर हलकेच मारून बघितला. लहान असूनही तो वाजला.

"कशाला सोडायचं? एवढ्या उन्हात डोक्यावर आणलाय मी," ते म्हणाले. "बरोबर मोजलंस ना?"

"बरोबर."

"मग तसंच लिही. ते तुझं काम हाय. माझं न्हवं, माझ्या बाचंबी न्हवं." त्यांनी तुकडा तिच्या हातात ठेवला. "ज्याला शीव पायजे असंल, त्यो पुण्याला ईल. तुझं नाव सांगून कागद मागंल. आन बसून वाचंल."

साक्षीने पेन उचलला. आबा भिंतीला टेकून तिच्या अक्षराकडे बघत राहिले. बाहेर, गल्लीच्या टोकाला, गेणूची माणसं उरलेल्या फेसाट्यांची गाडी रिकामी करत होती. बाभळीचा करकर आवाज ओसरीपर्यंत येत होता.